जुन्या ट्रकच्या क्लचची दुरुस्ती: प्लेट का गेली, हे ओळखून

जुन्या ट्रकचा क्लच दुरुस्त करताना सर्वाधिक वेळ आणि श्रम गिअरबॉक्स उतरवण्यात आणि पुन्हा चढवण्यात खर्च होतात; प्रत्यक्ष क्लच प्लेट (इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारी चकती) बदलण्याचे काम त्या मानाने फार थोडे असते. असे असूनही अनेक ठिकाणी गिअरबॉक्स खाली आला की जुनी प्लेट काढून नवी बसवली जाते, बोल्ट आवळले जातात आणि गाडी भाड्यावर निघते. प्लेट ज्या कारणाने जळाली ते कारण तसेच आत राहते आणि थोड्याच दिवसांत नवी प्लेटही त्याच वाटेने जाते. त्यामुळे प्लेट का गेली हे कळल्याशिवाय बेल हाउसिंग (क्लचला झाकणारे, इंजिन व गिअरबॉक्समधले घर) बंद करायचे नाही, असे काम हाती घेतानाच ठरवून ठेवावे.

उदाहरणासाठी येथे टाटा ४०७ ही गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८६ साली बाजारात आणलेला हा पुण्यात तयार झालेला ट्रक भाजीपाला, विटा, सिमेंट आणि घरसामान वाहताना महाराष्ट्रात सर्वत्र दिसतो आणि त्याच्या जुन्या गाड्या अजूनही कामावर आहेत. इंजिन पुढे, त्यामागे गिअरबॉक्स आणि तेथून प्रोपेलर शाफ्टने मागच्या एक्सलला जोडणी, अशी रचना असलेल्या इतर जुन्या ट्रकांनाही पुढील बहुतेक सर्व लागू पडते. मात्र बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर), फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल) आणि झिजेची मर्यादा यांचे आकडे आपल्या गाडीच्या साल व मॉडेलप्रमाणे सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

दोष नेमका कुठे आहे

क्लचची तक्रार तीन प्रकारची असते: तो सरकतो, तो पूर्ण सुटत नाही किंवा तो आवाज अथवा थरथर करतो. क्लच सरकतो तेव्हा चढावर, भरलेल्या गाडीत, वरच्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही आणि बऱ्याचदा जळका उग्र वास येतो. खात्री करायची असल्यास गाडी मोकळ्या सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत, समोर व मागे कोणीही उभे नसल्याचे पाहावे, वरचा गिअर टाकून इंजिनला थोडी रेस द्यावी आणि क्लच नेहमीसारखा सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडते. इंजिन चालूच राहिले तर क्लच सरकतो आहे असे समजावे. ही परीक्षा एकदाच आणि क्षणभरच करावी, कारण सरकणारी प्लेट प्रत्येक वेळी आणखी तापते.

पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना गिअर करकरत असेल किंवा उभ्या गाडीत पहिला गिअर पडतच नसेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. यामागे आतला दोष असतोच असे नाही. निम्म्याहून अधिक वेळा कारण बाहेर, म्हणजे पेडलकडचा मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर, त्यांना जोडणारी नळी किंवा लिंकेजमध्ये सापडते, असा माझा अनुभव आहे.

आवाज ऐकताना पाय कुठे आहे, याकडे लक्ष द्यावे. पेडलवर हलका पाय ठेवताच घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) संशय घ्यावा. उलट पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, असे असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूचे बेअरिंग तपासावे लागेल, आणि मग गिअरबॉक्स खाली आलेला असतानाच ते काम करून घेणे शहाणपणाचे ठरते. पेडल पूर्ण दाबून गाडी गिअरमध्ये उभी असतानाच आवाज येत असेल तर फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मागच्या टोकाचे जड चाक) मध्यभागी बसणारे पायलट बेअरिंग झिजलेले असू शकते. गाडी उठताना थरथरत असेल तर प्लेटला दोष देण्याआधी इंजिन व गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग पाहावे.

गिअरबॉक्सला हात लावण्याआधी

जुन्या ट्रकांत क्लच दाबण्याची यंत्रणा दोन प्रकारची आढळते: दांडे व केबलची यांत्रिक जोडणी किंवा तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा. यांत्रिक जोडणीत पिन, बुश आणि पेडलचा आस झिजला की पेडलची बरीच हालचाल त्या ढिलाईतच वाया जाते. दुसऱ्या माणसाला पेडल दाबायला सांगून प्रत्येक सांध्याकडे खालून पाहिले की कोणता सांधा नुसताच हलतो आहे ते लगेच दिसते.

हायड्रॉलिक यंत्रणेत आधी टाकीतील तेलाची पातळी पाहावी, मग स्लेव्ह सिलिंडरचे रबरी बूट बोटाने थोडे मागे सारावे. आत तेलाचा ओलावा असेल तर पिस्टनवरचा रबरी कप गेला आहे. मास्टर सिलिंडरची गळती बहुधा केबिनच्या आत, पेडलच्या दांड्यावरून खाली ओघळलेली दिसते आणि चटईखाली लपून राहते. रबरी नळी जुनी असेल तर तिचीही हालचाल पाहावी; पेडल दाबताना ती फुगत असेल तर तेलाचा दाब स्लेव्हपर्यंत पोहोचण्याऐवजी नळी फुगवण्यातच जातो.

सरकणाऱ्या क्लचच्या बाबतीत एक तपासणी फारच थोडे लोक करतात, पण ती कित्येकदा गिअरबॉक्स उतरवण्याचा सगळा खटाटोप वाचवते. गाडी चालवून क्लच सरकू लागल्यावर ती सुरक्षित जागी बंद करावी आणि पेडलला हात न लावता स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीड निपल (हवा व तेल बाहेर काढण्याची लहान तोटी) थोडा सैल करावा. पेडल सुटलेले असताना तेल जोराने बाहेर आले आणि त्यानंतर क्लच धरू लागला, तर दाब आत अडकून राहत होता. मास्टरच्या पिस्टनला मागे यायला जागा नसणे, तेल परत जाण्याचे बारीक छिद्र बुजणे किंवा चुकीच्या तेलाने कप फुगणे, ही त्याची कारणे असतात. अशा वेळी प्लेट अजून शाबूत असण्याची शक्यता असते. आणि ती आधीच जळालेली असली तरी नवी प्लेट वाचवायची असेल तर मास्टर सिलिंडर दुरुस्त करणे भागच आहे. या यंत्रणेत गाडीने सांगितलेले ब्रेक फ्लुइडच घालावे. इंजिन ऑइल किंवा इतर खनिज तेल चुकून पडले तरी रबरी कप फुगतात आणि मग सर्व रबर बदलावे लागते.

गाडी उचलणे आणि गिअरबॉक्स मागे घेणे

जागा सपाट व कठीण असावी. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वप्रथम काढावी, कारण पुढे स्टार्टर मोटर सोडवायची असते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि गाडी उचलल्यावर चासीखाली मजबूत स्टँड लावावेत. नुसत्या जॅकवर, विटांवर किंवा दगडांवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये; काम पाच मिनिटांचे असले तरी या नियमाला अपवाद करू नये. हवेवर चालणारा क्लच बूस्टर असलेल्या मोठ्या ट्रकांत टाकीतील हवा आधी सोडून द्यावी.

प्रोपेलर शाफ्ट सोडवण्यापूर्वी त्याच्या फ्लँजवर आणि समोरच्या फ्लँजवर एकाच रेषेत पंचने खूण करावी. शाफ्ट त्याच खुणेवर परत बसला नाही तर पूर्वी नसलेले कंपन सुरू होऊ शकते. गिअरबॉक्सचे तेल काढून घ्यावे आणि त्यात धातूचे कण आहेत का ते पाहावे. गिअर लिव्हरची जोडणी, स्पीडोमीटर केबल, रिव्हर्स लाइटची वायर, स्लेव्ह सिलिंडर आणि स्टार्टर मोटर क्रमाने सोडवावी. स्लेव्ह सिलिंडर नळीसकट बाजूला बांधून ठेवता येतो, मात्र त्यानंतर पेडलवर कोणी पाय देणार नाही याची काळजी घ्यावी, नाही तर पिस्टन बाहेर उडतो.

गिअरबॉक्सचा क्रॉस मेंबर काढण्याआधी इंजिनच्या मागच्या भागाला आधार द्यावा. जॅक आणि ऑइल पॅन यांच्यामध्ये रुंद लाकडी फळी ठेवावी म्हणजे पत्रा दबत नाही. गिअरबॉक्सखाली वेगळा ट्रान्समिशन जॅक घ्यावा आणि गिअरबॉक्स त्याला साखळीने बांधावा. जड ट्रकचा गिअरबॉक्स शंभर किलोच्या पुढे जातो. तो छातीवर पेलून उतरवण्याची जी पद्धत काही ठिकाणी आजही चालते, ती सोडून द्यावी.

येथून पुढची पायरी सर्वांत नाजूक आहे. बेल हाउसिंगचे वरचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी त्याच आट्यांचे, डोके कापलेले लांब स्टड घालावेत आणि मगच बाकीचे बोल्ट काढावेत. या दोन स्टडवरून गिअरबॉक्स सरळ मागे सरकतो. हे न केल्यास सुटलेल्या गिअरबॉक्सचे सगळे वजन त्यातून पुढे आलेल्या क्लच शाफ्टवरून प्लेटच्या हबवर (मधल्या भागावर) येते आणि हब वाकतो. उतरवताना जुनी प्लेट वाकली तर फारसे बिघडत नाही, पण चढवताना नवी प्लेट अशीच वाकली तर सर्व नवे सामान घालूनही क्लच सुटत नाही आणि दोष कुठे आहे हे कोणालाच उमगत नाही. शाफ्ट हबमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्स इंजिनच्या रेषेतच राहिला पाहिजे.

आत काय दिसते, ते नीट पाहावे

बेल हाउसिंगमधली काळी धूळ हवेच्या पाइपाने उडवू नये. जुन्या प्लेटांच्या लायनिंगमध्ये (घर्षणाच्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असायचे आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. नाकातोंडावर चांगला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसून घ्यावे आणि फडके पिशवीत बांधून टाकावे.

प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) बोल्ट एकदम न सोडता समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा देत सोडावेत. प्लेट बाहेर आली की ती लगेच भंगारात न टाकता उजेडात धरून पाहावी, कारण बिघाडाचे कारण बहुतेक वेळा तिच्याच अंगावर दिसते. लायनिंग दोन्ही बाजूंनी सारखे झिजून रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आले असेल तर प्लेटने आपले आयुष्य पुरे केले आहे. लायनिंग जाड असूनही काळे, चकचकीत आणि तडकलेले असेल तर ते उष्णतेने गेले आहे: चालकाचा पाय पेडलवर सतत राहणे, घाटात ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे, फ्री प्ले नसणे किंवा आधी सांगितल्याप्रमाणे दाब अडकणे, यांपैकी काहीतरी घडले आहे. एकाच बाजूची झीज जास्त असेल तर हब शाफ्टच्या स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या लांब खाचांवर) मोकळेपणाने सरकत नसावा. हबभोवतीच्या लहान स्प्रिंगा सैल झाल्या असतील, हातात धरून हलवल्यावर खुळखुळत असतील, तर ती प्लेट नुसते लायनिंग बदलून पुन्हा वापरू नये.

लायनिंग तेलाने भिजलेले असेल तर तेल कुठले आहे, हे शोधून काढावेच लागते. फ्लायव्हीलच्या मागून, क्रँकच्या बाजूने काळे पातळ तेल आले असेल तर इंजिनचे मागचे ऑइल सील गळते आहे. बेल हाउसिंगच्या आतल्या अंगाला, क्लच शाफ्टभोवती दाट तेलाचा ओघळ असेल आणि त्याला गंधकासारखा वास असेल तर ते गिअर ऑइल आहे आणि गिअरबॉक्सचे पुढचे सील गेलेले आहे. सील बदलताना गिअरबॉक्सचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जाण्याचे छिद्र) मातीने बुजला आहे का ते जरूर पाहावे. ब्रीदर बंद असेल तर तापलेल्या गिअरबॉक्समधला दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांत हा दोष नेहमीचा आहे आणि तो एका तारेने साफ होतो.

फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावरून बोट फिरवावे. निळसर डाग आणि केसासारख्या बारीक भेगा उष्णतेच्या खुणा आहेत. डाग वरवरचे असतील तर लेथवर फेसिंग करून घेता येते, पण भेगा खोल असतील किंवा फेसिंगनंतर जाडी मॅन्युअलमधील मर्यादेखाली जात असेल तर फ्लायव्हील बदलावे. ज्या फ्लायव्हीलमध्ये प्लेट बसण्याचा भाग आणि प्रेशर प्लेट आवळण्याचा भाग वेगवेगळ्या उंचीवर असतात, तेथे दोन्ही पातळ्यांवरून सारखाच धातू काढायला लेथवाल्याला स्पष्ट सांगावे. फक्त आतला भाग उतरवला तर प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो आणि नवा क्लच पहिल्याच चढाला सरकतो. फ्लायव्हीलच्या कडेच्या रिंग गिअरचे दातही याच वेळी पाहून घ्यावेत.

प्रेशर प्लेटच्या तोंडावर निळे डाग किंवा खोल चरे असतील, ती किंचित बशीसारखी वाकली असेल, तिच्यातल्या डायफ्राम स्प्रिंगच्या बोटांची टोके झिजून खोलगट झाली असतील, तर ती बदलावी. कॉइल स्प्रिंगच्या जुन्या प्रकारात सर्व लिव्हरांची उंची सारखी आहे का ते मोजावे. रिलीज बेअरिंग हाताने फिरवून ते गुळगुळीत वाटले तरी ते बदलावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याच्या किमतीपेक्षा गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी कितीतरी जास्त असते. पायलट बेअरिंगलाही हेच लागू पडते. क्लच फोर्क ज्या गोळीवर किंवा बुशात डोलतो तेथे खळगा पडला असेल, तर पेडलची हालचाल तेथेच वाया जाते, म्हणून तो भागही सोडू नये.

सुटे भाग घेताना जुनी प्लेट सोबत न्यावी आणि नव्या प्लेटचा व्यास, स्प्लाइनचे दात व हबची उंची जुळवून पाहावी. पुण्यात नाना पेठेसारख्या मोठ्या बाजारात हव्या त्या दर्जाचा माल मिळतो, पण तेथेही नकली वेष्टणातला माल ओळखावा लागतो. पक्के बिल देणाऱ्या दुकानातून घेतलेला पूर्ण संच शेवटी स्वस्त पडतो.

नवा संच बसवताना

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचे तोंड ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करावे; नव्या प्रेशर प्लेटवर गंज न लागण्यासाठी तेलाचा थर दिलेला असतो, तोही निघाला पाहिजे. लायनिंगला ग्रीसचे हात लावू नयेत. क्लच शाफ्टचे स्प्लाइन स्वच्छ करून त्यांवर उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा, प्लेट शाफ्टवर पुढेमागे सरकवून पाहावी आणि बाहेर आलेले ग्रीस पुसून टाकावे. जास्तीचे ग्रीस फिरताना उडून थेट लायनिंगवर जाते.

प्लेटची दिशा चुकू नये. बहुतेक प्लेटांवर फ्लायव्हीलकडची बाजू छापलेली असते; सामान्यतः हबचा स्प्रिंग असलेला फुगीर भाग गिअरबॉक्सकडे येतो. प्लेट मध्यावर धरण्यासाठी अलाइनमेंट टूल किंवा त्याच गाडीचा जुना क्लच शाफ्ट वापरावा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळत आणावेत आणि अखेरीस टॉर्क रेंचने पक्के करावेत. सर्व बोल्ट आवळल्यानंतर टूल हाताने सहज बाहेर आले व परत आत गेले, तर प्लेट मध्यावर आहे.

गिअरबॉक्स चढवताना तो गिअरमध्ये टाकावा, म्हणजे मागचा फ्लँज हाताने फिरवून शाफ्टचे स्प्लाइन हबमध्ये जुळवता येतात. स्टडवरून तो हळूहळू पुढे ढकलावा. शेवटची बोटभर फट राहिली आणि गिअरबॉक्स पुढे जाईना, तर बोल्ट आवळून ती फट ओढून घेण्याचा मोह टाळावा. त्याने बेल हाउसिंगचा कान तुटतो किंवा पायलट बेअरिंग फुटते. थोडे मागे घेऊन, जॅकची उंची आणि कोन पाहून पुन्हा प्रयत्न करावा. रेषा जुळली की गिअरबॉक्स हाताच्या जोरानेच जाऊन बसतो.

एअर काढणे आणि फ्री प्ले

काढलेले सर्व भाग उलट क्रमाने बसवून, गिअरबॉक्समध्ये योग्य दर्जाचे तेल पातळीपर्यंत भरल्यावर हायड्रॉलिक यंत्रणेतील एअर काढावी. ब्लीड निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ब्रेक फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करावा आणि त्यानंतरच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे करत राहावे आणि मधूनमधून टाकी भरत राहावी, कारण टाकी रिकामी झाली तर सगळी एअर पुन्हा आत जाते. हे तेल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

यांत्रिक जोडणीत रिलीज बेअरिंग आणि बोटांमध्ये साधारण २ ते ३ मिलिमीटर अंतर राहील, आणि त्यामुळे पेडलला सुरुवातीची सुमारे २० ते ३० मिलिमीटर मोकळी हालचाल मिळेल, असे लिंकेज लावावे. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरावा. काही हायड्रॉलिक गाड्यांत बेअरिंग बोटांना कायम टेकलेले असते. तेथे फक्त मास्टर सिलिंडरचा दांडा आणि पिस्टन यांच्यातली बारीक फट तपासावी.

इंजिन सुरू करून पेडल दाबावे, क्षणभर थांबून रिव्हर्स टाकावा. करकर न होता गिअर पडला पाहिजे. त्यानंतर रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवून पाहावी. पहिले काहीशे किलोमीटर पूर्ण भार टाकू नये आणि घाटातल्या रांगेत अडकण्याची वेळ येईल अशी फेरी शक्यतो घेऊ नये, कारण लायनिंग आणि फ्लायव्हील अजून एकमेकांवर पूर्णपणे बसलेले नसतात. एवढे अंतर झाल्यावर गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन बेल हाउसिंगच्या खालच्या बाजूला तेलाचा ओलावा आहे का, प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट घट्ट आहेत का आणि फ्री प्ले तेवढाच राहिला आहे का, हे पाहावे. नवे लायनिंग बसताना फ्री प्ले थोडा कमी होतोच, तेव्हा तो त्याच दिवशी पुन्हा जुळवून घ्यावा.